फिरती माटोळी

मी उद्योजकता शिकवत होते असं कळलं, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग तुमचा स्वतःचा धंदा कसला?"

कसलाच नाही. मी जन्मात साधं लोणचंसुद्धा विकलेलं नाही. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला पगार बँकेत आला, आता पेन्शन येतं. पार्शातल्या घरातून सकाळची बस पकडायची, म्हापशाला बदलायची आणि डिचोलीकडच्या एका गावातल्या उच्च माध्यमिक विद्यालयात जाऊन मुलांना सांगायचं, "जोखीम घ्यायला शिका." माझे यजमान म्हणायचे, पोहायला न येणारी बाई काठावर उभी राहून बुडी मारायला शिकवते आहे. मी त्यांना चहा उशिरा द्यायचे.

पण शिकवायला आवडायचं, हे खरं. अकरावी-बारावीच्या पोरांना हा विषय म्हणजे 'धंद्याचो पिरियड'. त्यात विशेष काही गूढ नाही. लोकांना काय हवं आहे ते बघा, ते आपल्याला जमेल का ते तपासा, खर्च किती येईल ते आधी काढा आणि मग हिंमत करून गिऱ्हाइकासमोर उभे राहा. पहिल्या तीन गोष्टी पुस्तकातून शिकवता येतात. चौथीसाठी मुलांना वर्गाबाहेर न्यावं लागतं, म्हणून दरवर्षी प्रत्येक गटाने एक खरीखुरी वस्तू किंवा सेवा विकून दाखवायची, असा माझा नेम होता.

वर्षाच्या पहिल्या तासाला मी विचारायचे, पुढे काय करणार? सगळा वर्ग एकसुरात, "सरकारी नोकरी." आमच्याकडे ही नुसती इच्छा नसते, ती वंशपरंपरेने येते. मूल दहावी झालं की बाप अर्ज घेऊन कोणाच्या ना कोणाच्या दारात उभा राहायला लागतो. मी हिरमुसायचे नाही. जो तो मला उद्योजकतेवर व्याख्यान द्यायला बोलावतो आणि चहा पिताना हळूच विचारतो, "टीचर, आमच्या चेडवाक खंय तरी चिकटोवंक जाता काय पळयात मगे." चेडूं म्हणजे मुलगी, आणि चिकटवायचं ते अर्थात सरकारी नोकरीत. माझ्या पोरांपैकी बरीच पुढे धंद्याला चिकटलीही. कुणी विमा विकतो, कुणी वाळपईला मोबाइल दुरुस्त करतो. एकाने मोरजीला घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. कासवं अंडी घालायला येतात त्या दिवसांत तो समुद्राच्या बाजूचे दिवे विझवून ठेवतो आणि पाहुण्यांना त्याचं कारण इतक्या कौतुकाने सांगतो, की लोक काळोखासाठी मुद्दाम येतात. हे त्याला मी शिकवलेलं नाही, पण तो मला 'म्हजी टीचर' म्हणून ओळख करून देतो आणि मी मुकाट्याने श्रेय घेते.

आज मात्र सांगायचं आहे ते दीक्षिताविषयी. दीक्षिता हे तिचं खरं नाव नव्हे. तिच्या वडिलांना मी इथे दत्ताराम म्हणते, तेही खरं नव्हे. का, ते पुढे कळेल.

दीक्षिता बारावीत होती तेव्हा तिच्या गटाने ठरवलं की चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माटोळीचं सामान विकायचं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट बांधतात आणि तिला रानातलं, परसातलं जे जे पिकलं असेल ते टांगतात. नारळांचा घड, सुपारीचा घोस, महाळुंगासारखं तोरिंग, चिबूड, आंबाडे, आणि डोंगरावरची लालभडक कांगलां, कवंडळं, वाऱ्याने खुळखुळणाऱ्या सुक्या शेंगांच्या घागऱ्या. ती माटोळी. नुसता गणपती आणला आणि माटोळी नाही, तर घर उघडं वाटतं. बाजारात हे सामान चांगल्या भावाने जातं, कारण डोंगरात फिरणारी माणसं कमी झाली आहेत. मुलांचा विचार मला फारच आवडला. माल फुकट, मागणी ठरलेली, मुदत पक्की. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'नफा' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पोरं डोंगर पालथा घालून आली. हात ओरबाडलेले, केसांत पाला, आणि पोत्यांत असं काही सुंदर सामान की मलाच घरी न्यावंसं वाटलं. टेबल मांडलं ते गावच्या देवळासमोर, कारण तिथे वर्दळ जास्त. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक आजीबाई आल्या. त्यांनी कांगलांचा झुबका उचलला, दीक्षिताकडे निरखून पाहिलं.

"तूं दत्तारामाचें चेडूं मगे?"

"हय."

"बरें केलें गो बाय. आमच्या घरांत आतां दोंगरार वचपी कोण ना." आणि झुबका पिशवीत घालून, दीक्षिताच्या गालावरून हात फिरवून त्या चालू लागल्या. थोड्या वेळाने परत आल्या त्या परसातला एक चिबूड घेऊन. "हो तुमच्या माटोळयेक."

मग रीघच लागली. कुणी मामा, कुणी काकी, कुणी शेजारचा, कुणी आईच्या माहेरचा. चवथीला वाड्यात एकमेकांना माटोळीच्या वस्तू द्यायच्या असतात, त्याचे पैसे मागायचे नसतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते माहीतच असतं. पोरांच्या तोंडातून भाव फुटेना. दुपारी मी पोचले तेव्हा टेबलावरचं रानसामान संपलेलं होतं आणि त्याच्या जागी नारळ, काकड्या, चिबूड, केळीचा लोंगर, एका पिशवीत चार नेवऱ्या, म्हणजे करंज्यासुद्धा. बाजार उलटा भरला होता. पैशांच्या डब्यात उदबत्तीचं रिकामं पाकीट होतं.

माझा पारा चढला. आता मुख्याध्यापकांना अहवालात काय दाखवायचं, चिबूड? मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दीक्षिता म्हणाली, "टीचर, आमी चुकीच्या जाग्यार बसलीं. हांगा सगळीं आपलींच. आपल्या मनशांकडे चवतीच्या वस्तूंचे पैशे कशे मागतले?" आणि पुढे, "आनी टीचर, परक्यांकडेय मागूंक बरे दिसनात. दोंगराचें तें. आमी फकत हाडलें."

"मग विकायचं काय, बाई?"

"बांदप." ती म्हणाली. "वस्तू मेळटात, टीचर, बाजारांत. बांदपी मेळना."

मी इतकी वर्षं 'सेवाक्षेत्र' शिकवत होते आणि पोरीने ते नेवरी खाता खाता सांगितलं. चूक कुठे झाली ते आधी कबूल करून मग वाट काढायची, हे तिला उपजतच येत होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

माटोळी बांधणं सोपं नाही. चौकटीचा तोल सांभाळावा लागतो, जड घोस कडांना आणि हलकं मध्ये. नायलॉनची दोरी चालत नाही, केवण नावाच्या झुडपाच्या सालीची दोरी लागते. ती भिजवून वळायची, ओली असताना गाठ मारायची, सुकली की गाठ घट्ट बसते. दीक्षिताला ही दोरी वळायला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या घरांत हे येणारं माणूस उरलेलं नव्हतं. पोरांनी ओळखीपाळखीने निरोप धाडले.

पहिली मागणी आली ती मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती अशा ठिकाणाहून. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कोल्हापूरकडचे एक फोरमन होते. दरवर्षी चवथीला गावी जायचे. त्या वर्षी रजा मिळाली नाही म्हणून पहिल्यांदाच इथे क्वार्टरमध्ये गणपती बसवत होते, आणि त्यांच्या मुलीने शाळेतल्या मैत्रिणीकडे माटोळीचा फोटो पाहिलेला. ती हट्टाला पेटली होती.

मीही गेले मुलांबरोबर. फोरमन दारातच उभे.

"आमच्याकडं असलं काय नसतंय, मॅडम. पण पोरगी जेवंना झालीया." मग कवंडळाकडे बोट दाखवून, "हे खायचं काय?"

"न्हय," दीक्षिता म्हणाली. "कडू."

"आणि हे लाल?"

"तेंय खायनात."

"मग टांगायचं कशाला वं?"

दीक्षिता म्हणाली, "गणपती बसून पळयतलो मगे. ताका पळोवपाक."

फोरमननी मान डोलावली. "हां. त्ये बराबर हाय."

आता गंमत. आमची पोरं वाशांच्या घरांत वाढलेली. माटोळीचे चार कोपरे चार वाशांना बांधायचे, एवढंच त्यांना ठाऊक. क्वार्टरमध्ये वर सपाट स्लॅब आणि मधोमध पंख्याचा एकुलता एक हूक. पोरं वर बघून उभीच राहिली. घर बघायला आधी यायला हवं होतं, हे माझ्या पुस्तकात पहिल्याच धड्यात लिहिलेलं आहे आणि ते कुणालाच, मला धरून, सुचलं नव्हतं. निरोप फ्लॅटवाल्यांना धाडले होते, तरी वासे नसलेलं घर ही गोष्टच आमच्या डोक्यात आली नाही. फोरमननी स्वतः स्टुलावर चढून पंखा उतरवला. "गणपतीला कुठं उकडतंय," म्हणाले.

चौकटीच्या चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या वर एकत्र आणून त्या एका हुकाला बांधल्या. तोल झकास साधला. सगळ्यांनी हात सोडले, टाळ्या वाजवल्या, आणि माटोळी हळूहळू फिरायला लागली. दार उघडलं की उजवीकडे, खिडकीतून वारा आला की डावीकडे. दीक्षिताचा चेहरा पडला. कुणाच्या घरी फिरती माटोळी पाहिली आहे का? ती धरायला पुढे झाली, तेवढ्यात फोरमनची मुलगी ओरडली, "पप्पा, फिरतंय!"

फोरमन कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. घागऱ्या खुळखुळत होत्या, लाल कांगलां गणपतीपुढून जाऊन परत येत होती.

"फिरू द्या," ते म्हणाले. "असलं अख्ख्या कॉलनीत कुणाकडं न्हाई."

चवथीच्या दिवसांत ती अख्खी कॉलनी फिरती माटोळी बघायला येऊन गेली. अहवालात मी ही चूक 'नवकल्पना' म्हणून लिहिली. मुख्याध्यापकांनी शेरा दिला, उत्तम.

बारावी झाल्यावर गटातली बाकीची मुलं पांगली. दीक्षिताने कॉलेजात नाव घातलं आणि मला फोन करून सांगितलं की कॉलनीतून पुढच्या चवथीसाठी विचारणा येत आहेत, पर्वरीच्या फ्लॅटवाल्यांकडूनही. हे आपण वाढवायचं, लग्नाची तोरणं, मखरं, सगळंच घ्यायचं, असं तिच्या मनात होतं. "पूण बाबा नाका म्हणटा. तुमी एकदां येयात." त्या आवाजात काकुळती होती. मी गेले.

दत्ताराम अंगणात होता. घराच्या मागे एक टिपर उभा, खनिज वाहून नेणारा. चाकांभोवती गवत माजलेलं, रंगावर लाल धूळ. मी बसले तसा तो म्हणाला, "एक मिनिट हां टीचर," आणि ट्रकवर चढून त्याने इंजिन चालू केलं. घरभर धडधड झाली. थोडा वेळ चालवून बंद केलं आणि हात पुसत आला. कोर्टाच्या हुकमाने खाणी बंद पडल्यापासून तो रोज हे करत होता, बॅटरी मरू नये म्हणून.

मी सुरुवात केली. मुलीला जाण आहे, गिऱ्हाईक आहे, कष्टाची तयारी आहे. सगळं माझ्या वर्गातलंच बोलले आणि चांगलं बोलले.

"टीचर, हो ट्रक पळयलो? होवय धंदोच आशिल्लो." तो म्हणाला. "जाण आशिल्ली. गिरायक आशिल्लें. कश्ट तर म्हाका नवे न्हय. एका दिसा सगळें थांबलें. हांवें कसलीच चूक करूंक नाशिल्ली, तरीय थांबलें. तुमच्या पुस्तकांत ताचेर कितें बरयलां?"

काहीच लिहिलेलं नव्हतं. जोखमीवर एक प्रकरण आहे, त्यात आकृती आहे. ती आकृती मला त्या अंगणात काढून दाखवता येईना. पगारावर जगलेल्या माणसाने या माणसाला हिंमतीच्या गोष्टी सांगायच्या, याची मला लाज वाटली.

"म्हाका दुस्मान समजूं नाकात," तो म्हणाला. "चेडवाक माथ्यार एक शाकार जाय, इतलेंच." शाकार म्हणजे छप्पर. त्याच्या लेखी ते छप्पर म्हणजे सरकारी नोकरी. दारामागे दीक्षिता उभी होती, तिचे डोळे भरले होते. जाताना ठरलं ते एवढंच, की नोकरी लागेपर्यंत तिने हवं ते करावं. नोकरी लागली की हे सगळं बंद. मी बसमध्ये बसले तेव्हा मला ठाऊक होतं, की मी हरून चालले आहे.

आणि कॉलेज संपल्यावर नोकरी लागली. चवथ तोंडावर आलेली, फिरत्या आणि साध्या मिळून तिने कितीतरी घरांना शब्द दिलेला, आणि एका सरकारी कचेरीतून हजर होण्याचं पत्र आलं. नव्या माणसाला रजा कोण देतो? ती मला फोनवर म्हणाली, "टीचर, लोकांक फोन करून ना म्हणूंक सुरवात करतां." आणि तिने फोन ठेवला. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की दिलेला शब्द पाळा, आणि शब्द मोडायचा कसा हे कधी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचाच फोन. मागे पाण्याचा आवाज.

"टीचर, बाबा ट्रक धुता."

तिने पहिला फोन लावायला घेतला तेव्हा दत्तारामाने तो तिच्या हातातून काढून घेतला होता. नोकरीवर हजर व्हायचंच, त्यात तडजोड नाही. पण त्याचं दुसरं म्हणणं असं होतं, "गणपतीच्या नांवान उतर दिलां. तें मोडूं येना." उतर म्हणजे शब्द. तो पाळायचा, धंदा म्हणून नव्हे, गणपती म्हणून. मग माटोळ्या बांधणार कोण, असं तिने विचारलं, तर पाइप घेऊन तो ट्रककडे गेला. इतक्या वर्षांची लाल धूळ परसात वाहत होती. कागदपत्रं नवी करून तो टिपर रस्त्यावर आला तेव्हा त्याच्या अवाढव्य हौद्यात होत्या लाकडी चौकटी, भिजवलेली केवण आणि घागऱ्यांचे झुबके. वाटेत लोक थांबून बघत होते म्हणे.

त्या वर्षी एकाही घराला नकार गेला नाही. दिवसा दत्ताराम, कचेरी सुटली की दीक्षिता. फोरमनच्या कॉलनीत बाप-लेकीला चहा पाजून पाजून लोकांनी बेजार केलं.

पुढे ते थांबलंच नाही. तोरणं आली, मखरं आली, लग्नाचे मांडव आले. टिपर विकून दत्तारामाने छोटी गाडी घेतली. एकदा भेटला तेव्हा मी त्याला छेडलं, आता भीती नाही वाटत? तो म्हणाला, "घरांत तिचो पगार येता न्हय टीचर. आतां धंदो बुडलो तरी आमी बुडनात." पुस्तकात भांडवलाची व्याख्या पानभर आहे. घरातला एक पगार हेही भांडवल असतं, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. त्याने नोकरीचा हट्ट धरला तेव्हा मला तो माझ्या विषयाचा वैरी वाटला होता. तिच्या पायाखाली जमीन घालायची त्याची घाई चालली होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

आता नावं का बदलली ते सांगते. सरकारी नोकराला धंदा करायला बंदी आहे. कागदावर सगळं दत्तारामाच्या नावावर आहे, आणि लेक सुट्टीत बापाला हातभार लावते, याला कुणाची हरकत नसावी. तरी एक रुखरुख आहेच. ती दिवसभर खुर्चीत बसून शिक्के मारते हे आठवलं, की मला वाईट वाटतं. नफा-तोट्याच्या हिशेबात ते कुठे मांडायचं, मला अजून कळत नाही.

यंदा आमच्या घरी माटोळी बांधणारं कुणी उरलं नाही. यजमानांचे गुडघे गेले, मुलगा परदेशी. मी फोन केला. दत्ताराम दुपारीच आला आणि आमच्या वाशांना चौकट बांधायला लागला. संध्याकाळी कचेरीतून थेट दीक्षिता आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. आल्या आल्या पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि खाली उभी राहून सूचना सुरू. "बाबा, तोरिंग कडेक. न्हय, आनीक इल्लें. हां." ती सांगेल तसं दत्ताराम सरकवत होता. पुढच्या दारातून वारा आला. आमची माटोळी चार वाशांना बांधलेली, ती काही फिरली नाही. घागऱ्या मात्र वाजल्या.

काम संपलं तेव्हा मी पर्स घेऊन शिडीपाशी गेले. ही दोघं माझ्याकडून पैसे घेणार नाहीत, आपल्या माणसांकडे ती मागत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि या वेळी मी ऐकणार नव्हते.

"दत्ताराम, किती झाले?"

त्याने शेवटची ओली गाठ ओढून पाहिली आणि वरूनच म्हणाला, "फळांचे कांयच ना. बांदपाचे जातले. पूण म्हाका कित्याक विचारतात, टीचर? हांव कामाक आसां. मालकीण थंय उबी आसा, तिका विचारात."

दीक्षिताने गळ्यातलं सरकारी ओळखपत्र काढलं, खिशात ठेवलं आणि पुढे आली.